ट्यूनर कोणता, अँटेना कुठे? डिजिटल टीव्हीविषयी वाचकांचे प्रश्न

जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून येणारे डिजिटल चॅनेल साध्या अँटेनाने, मासिक शुल्क न भरता पाहता येतात. त्याबद्दल आलेल्या पत्रांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. टीव्ही, अँटेना किंवा बूस्टर (सिग्नल वाढवणारी डबी) आधी विकत घेतलेला असतो आणि आपल्या भागात हवेत नेमकं काय येतं, कोणत्या मनोऱ्यावरून आणि कोणत्या फ्रीक्वेन्सीवर येतं, ही चौकशी नंतर होते. क्रम उलटा ठेवला तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न: टीव्हीच्या खोक्यावर ‘डिजिटल ट्यूनर’ असं स्पष्ट छापलेलं आहे, पण अँटेना जोडून स्कॅन केलं तर एकही चॅनेल सापडत नाही. टीव्ही दुसऱ्या देशातून आणलेला आहे. ट्यूनर बिघडला असेल का?

उत्तर: ट्यूनर बहुधा ठणठणीत आहे, फक्त तो दुसऱ्या मानकाचा आहे. जमिनीवरून होणाऱ्या डिजिटल प्रक्षेपणाची जगात चार मोठी मानकं आहेत. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको आणि दक्षिण कोरियात एटीएससी. युरोप, ऑस्ट्रेलिया, भारत आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागात डीव्हीबी-टी किंवा त्याची पुढची पिढी डीव्हीबी-टी२. जपान, ब्राझील, दक्षिण अमेरिकेतले बहुतेक देश आणि फिलिपिन्समध्ये आयएसडीबी-टी. चीन, हाँगकाँग आणि क्युबात डीटीएमबी. एका मानकाच्या ट्यूनरला दुसऱ्याचा सिग्नल म्हणजे निव्वळ गोंगाट. सेटिंग बदलून किंवा सॉफ्टवेअर अपडेट करून यात काही होत नाही, कारण फरक ट्यूनरच्या चिपमध्येच असतो.

मानक जुळलं म्हणजे सगळं जुळलं असंही समजू नका. त्यानंतर आणखी तीन गोष्टी तपासायच्या असतात. पहिली, चॅनेलची रुंदी. तैवानमध्ये डीव्हीबी-टी ६ मेगाहर्ट्झ रुंदीवर चालतं, ऑस्ट्रेलियात ७ वर आणि युरोपात यूएचएफ या वरच्या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यात ८ वर (त्याखालचा पट्टा व्हीएचएफ). फक्त ८ साठी बनवलेला स्वस्तातला बॉक्स ६ च्या देशात काहीच पकडणार नाही. दुसरी, चित्र दाबून पाठवायची पद्धत. जपान आणि ब्राझील दोघांकडे आयएसडीबी-टी आहे, पण जपानी चित्र एमपेग-२ मध्ये येतं आणि ब्राझीलचं एच.२६४ मध्ये. जर्मनीने २०१७ मध्ये डीव्हीबी-टी२ आणलं ते एचईव्हीसी या आणखी नव्या पद्धतीसह. त्यामुळे डीव्हीबी-टी२ असूनही ज्यांना फक्त एच.२६४ कळतं असे बॉक्स तिथे निरुपयोगी ठरले. तिसरी गोष्ट कूटबद्धता. प्रक्षेपण कुलूपबंद असेल तर किल्ली किंवा कार्ड लागतं, आणि ते बहुधा त्याच देशात मिळतं.

तुमच्यापुरता उपाय सोपा आहे. स्थानिक मानकाचा सेट-टॉप बॉक्स घ्या आणि एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. पडदा, आवाज, बाकीचं सगळं नेहमीसारखं चालेल, फक्त टीव्हीतला ट्यूनर रिकामा राहील. मात्र प्लग लावण्याआधी टीव्हीच्या पाठीवरची पट्टी वाचा. तिथे १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर चिंता नाही. फक्त ११० किंवा १२० लिहिलं असेल आणि तुमच्याकडे वीज २३० व्होल्टची असेल, तर ट्रान्सफॉर्मरशिवाय जोडू नका.

प्रश्न: दुकानदार ‘फोर-के डिजिटल अँटेना’ घ्या म्हणतो. छतावरचा जुना अँटेना काढून टाकावा का?

उत्तर: काढू नका, आधी तपासा. अँटेना म्हणजे ठरावीक मापाचे धातूचे दांडे. येणारी लहर ॲनालॉग आहे की डिजिटल, एचडी आहे की फोर-के, याच्याशी अँटेनाचा संबंध नसतो. त्याचा संबंध फ्रीक्वेन्सीशी आणि दिशेशी असतो.

६०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ५० सेंटिमीटर असते, म्हणून यूएचएफच्या अर्धलहर दांड्याची लांबी साधारण २५ सेंटिमीटर भरते. २०० मेगाहर्ट्झला, म्हणजे व्हीएचएफच्या वरच्या पट्ट्यात, तीच ७५ सेंटिमीटर होते. खिडकीला चिकटवायचे कागदासारखे चपटे अँटेना जेमतेम ३० सेंटिमीटरचे असतात. यूएचएफवर ते ठीक काम करतात, पण व्हीएचएफवर बहुतेक वेळा कमी पडतात, कितीही मोठ्या अक्षरांत ‘फोर-के’ छापलं तरी. तेव्हा तुमच्या भागातले चॅनेल कोणत्या पट्ट्यात आहेत ते प्रक्षेपण संस्थेच्या यादीत पाहा. जुना अँटेना त्याच पट्ट्याचा असेल, दांडे गंजलेले नसतील आणि डायपोलजवळची (केबल जोडलेल्या मुख्य दांड्याजवळची) जोडणी शाबूत असेल, तर फक्त केबल बदला.

दांडे आडवे आहेत की उभे हेही मनोऱ्याच्या प्रक्षेपणाशी जुळलं पाहिजे. ही आडवी-उभी दिशा, म्हणजे ध्रुवीकरण, चुकलं तर सिग्नल २० डेसिबलपर्यंत घटू शकतो, म्हणजे शंभरातला एक हिस्सा हाती लागतो. अँटेना ९० अंशांत फिरवण्याचा हा उपाय फुकट आहे आणि नेमका तोच राहून जातो.

प्रश्न: मीटरवर सिग्नल ९० टक्के दिसतो, तरी चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो. असं का?

उत्तर: टीव्हीच्या मेनूत दोन आकडे असतात, सिग्नलची ताकद आणि सिग्नलची गुणवत्ता. तुम्ही पाहताय तो आकडा ताकदीचा असावा. ताकद म्हणजे ट्यूनरच्या तोंडाशी एकूण किती ऊर्जा पोहोचली ते. तिच्यात गोंगाट, शेजारच्या चॅनेलचा सिग्नल, कधी मोबाइलच्या मनोऱ्याचाही सिग्नल मिसळलेला असतो. त्यातला उपयोगी भाग किती स्वच्छ आहे हे गुणवत्तेवरून कळतं. टक्क्यांना प्रमाणित अर्थ नाही. एका कंपनीचे ६० टक्के दुसऱ्या कंपनीच्या ९० बरोबर असू शकतात, त्यामुळे एकाच टीव्हीवर आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहणं एवढाच त्याचा उपयोग.

ॲनालॉग चित्र हळूहळू बिघडायचं. आधी मुंग्या, मग सावल्या, तरी बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलमध्ये चूक-दुरुस्तीची व्यवस्था एका मर्यादेपर्यंत सगळं सावरते आणि ती मर्यादा ओलांडली की चित्र एकदम कोसळतं. एटीएससीच्या पहिल्या पिढीला गोंगाटापेक्षा सिग्नल सुमारे १५ डेसिबल वर लागतो. १६ ला चित्र निर्दोष दिसतं, १४ ला पडदा काळा. म्हणून ‘काल छान दिसत होतं, आज काहीच नाही’ ही तक्रार खरी असते: काल तुम्ही काठावर होता. पाऊस, वाऱ्याने हलणारी झाडं, केबलमध्ये मुरलेलं पाणी यांनी एखादा डेसिबल घटला तरी पुरतो. त्यामुळे चित्र दिसलं की थांबू नका. दिसायला लागल्यानंतर आणखी ६ ते १० डेसिबलची शिल्लक मिळवणं हे खरं काम आहे.

ताकद भरपूर आणि गुणवत्ता कमी असेल तर शक्यता तीन. मनोरा जवळ आहे आणि वर बूस्टर लावलेला आहे: ट्यूनर ओसंडतोय, बूस्टर काढून पाहा. इमारतींवरून परावर्तित होऊन तोच सिग्नल वेगवेगळ्या वेळी पोहोचतोय: अँटेना अर्धा फूट इकडेतिकडे, वरखाली सरकवा. यूएचएफमध्ये २५ सेंटिमीटरच्या आत खड्डा आणि उंचवटा दोन्ही सापडू शकतात, म्हणून हळू सरकवा आणि प्रत्येक जागी सर्वांत कमकुवत चॅनेलची गुणवत्ता कागदावर लिहा. सर्वांत जोरदार चॅनेल पाहून अँटेना बसवणं ही नेहमीची चूक.

तिसरी शक्यता मोबाइल सेवेची. पूर्वी टीव्हीचा यूएचएफ पट्टा पुष्कळ देशांत ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत जायचा. आता युरोपात ६९४ च्या वर आणि अमेरिकेत ६०८ च्या वर मोबाइल सेवा आहेत. जुने बूस्टर तो सगळा पट्टा उचलतात. अँटेना आणि बूस्टर यांच्या मधे योग्य फ्रीक्वेन्सीचा एलटीई फिल्टर (मोबाइलचा सिग्नल अडवणारा) बसवा. फिल्टर बूस्टरच्या नंतर लावला तर उपयोग नाही, तोवर बिघाड होऊन गेलेला असतो.

घरातल्या अँटेनाबाबत एक पुरवणी: काचेवर उष्णता परतवणारा धातूचा पातळ थर असेल किंवा भिंतीत फॉइलचं आवरण असेल, तर त्या खिडकीत अँटेना कितीही सरकवला तरी फरक पडणार नाही. खिडकी बदला किंवा बाहेर जा.

प्रश्न: एका अँटेनावर चार टीव्ही चालवायचे आहेत. टीव्हींपाशी बूस्टर लावला, पण फरक पडला नाही.

उत्तर: बूस्टरची जागा चुकली आहे. हिशोब करून पाहा. ७५ ओहमच्या आरजी-६ केबलमध्ये ६०० मेगाहर्ट्झला ३० मीटरमागे सुमारे ५ डेसिबल जातात. चार वाटांच्या स्प्लिटरमध्ये ७ ते ८ डेसिबल. एकूण साडेबारा धरले तर प्रत्येक टीव्हीपाशी मूळ सिग्नलचा अठरावा हिस्सा पोहोचतो. सिग्नल असा क्षीण झाल्यावर बूस्टर लावला की तो सिग्नलसोबत गोंगाटही तितकाच वाढवतो. दोघांमधलं अंतर जिथल्या तिथे राहतं, किंबहुना बूस्टरच्या स्वतःच्या गोंगाटाने थोडं घटतंच.

म्हणून बूस्टर अँटेनाजवळ, खांबावर लावायचा, म्हणजे सिग्नल स्वच्छ असतानाच वाढेल आणि पुढची गळती भरून निघेल. त्याला वीज केबलमधूनच मिळते. पुरवठ्याची डबी खाली घरात असते आणि तिच्यापासून बूस्टरपर्यंतच्या वाटेत स्प्लिटर असेल, तर त्याचं एक तोंड वीज जाऊ देणारं असावं लागतं. नाहीतर बूस्टर बंदच राहतो आणि बंद बूस्टर सिग्नल अडवतो. खरेदी करताना किती डेसिबल वाढवतो यापेक्षा त्याचा नॉइज फिगर, म्हणजे तो स्वतः किती गोंगाट मिसळतो ते, पाहा: २ डेसिबलच्या आसपास चांगला. वाढ १५ ते २० डेसिबल पुरे, ४० डेसिबलचा बूस्टर जवळच्या मनोऱ्याने हमखास ओसंडतो.

बूस्टर आणण्याआधी एक चाचणी करा. छतावरून येणारी केबल स्प्लिटर वगळून थेट एका टीव्हीला जोडा. चित्र नीट आलं तर दोष वाटपाचा आहे आणि बूस्टर उपयोगी पडेल. तरीही आलं नाही तर अँटेना, दिशा किंवा उंची यांत खोट आहे, ती बूस्टरने भरून निघत नाही. स्प्लिटरची रिकामी तोंडं ७५ ओहमच्या टोपीने बंद करा. आणि केबलच्या टोकाचा एफ-कनेक्टर उघडून पाहा. केबलच्या बाहेरच्या जाळीचा एखादा केसासारखा धागा मधल्या तांब्याला टेकला असेल, तर सिग्नल आणि बूस्टरची वीज दोन्ही तिथेच संपतात. मधली तार कनेक्टरच्या काठाबाहेर सुमारे ३ मिलिमीटर राहिली पाहिजे.

प्रश्न: वर्षभर दिसणारे दोन चॅनेल अचानक गायब झाले. बाकीचे ठीक आहेत.

उत्तर: आधी पुन्हा स्कॅन करा. रिमोटवर दिसणारा क्रमांक ही नुसती पाटी असते, तिच्यामागची खरी फ्रीक्वेन्सी बदलली तरी पाटी तीच राहते. अमेरिकेत वरचा पट्टा मोबाइलला दिल्यावर २०१७ ते २०२० या काळात शेकडो केंद्रांनी फ्रीक्वेन्सी बदलल्या. पडद्यावरचे क्रमांक तेच राहिले, आणि स्कॅन न करणाऱ्यांना वाटलं केंद्रच बंद पडलं.

‘नवे चॅनेल जोडा’ हा पर्याय काही टीव्हींत जुन्या नोंदी पुसत नाही आणि टीव्ही मेलेल्या फ्रीक्वेन्सीलाच चिकटून राहतो. तसं झालं तर अँटेनाची केबल काढून पूर्ण स्कॅन करा, यादी रिकामी होईल. मग केबल जोडून पुन्हा पूर्ण स्कॅन. तरीही ते दोनच चॅनेल नसतील तर ते व्हीएचएफवर गेले आहेत का ते यादीत पाहा.

प्रश्न: तबकडीचा जुना सेट-टॉप बॉक्स पडून आहे. तो अँटेनाला चालेल?

उत्तर: नाही. उपग्रहाच्या बॉक्सच्या तोंडाशी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल अपेक्षित असतो आणि त्याची रचना डीव्हीबी-एस किंवा एस२ ची असते. शिवाय तो तबकडीवरच्या एलएनबीसाठी (सिग्नल पकडणाऱ्या डबीसाठी) केबलमध्ये १३ किंवा १८ व्होल्ट सोडतो. पुष्कळ अँटेनांमध्ये ही वाट थेट शॉर्ट असते, त्यामुळे जोडून पाहण्याचाही प्रयोग करू नका. केबलवाल्यांचा बॉक्सही वेगळ्या मानकाचा. मात्र काही टीव्हींवर ‘टी२/सी/एस२’ असं लिहिलेलं असतं, त्यांत अँटेना, केबल आणि उपग्रह अशा तिन्हींचे ट्यूनर आहेत.

प्रश्न: सगळ्या जगाने एकच मानक का स्वीकारलं नाही? यातलं सर्वांत चांगलं कोणतं?

उत्तर: मानक ठरताना प्रत्येकाची गरज वेगळी होती. अमेरिकेने १९९६ च्या डिसेंबरमध्ये एटीएससी मंजूर केलं तेव्हा डोळ्यांसमोर होतं हाय-डेफिनिशन चित्र, ६ मेगाहर्ट्झचा जुना चॅनेल आणि छतावरचा अँटेना. त्यातली ८-व्हीएसबी पद्धत एकाच वाहक लहरीवर १९.३९ मेगाबिट दर सेकंदाला पाठवते आणि कमी शक्तीत दूरवर पोहोचते. पण परावर्तनांपुढे सुरुवातीचे ट्यूनर हतबल व्हायचे. घरातला अँटेना आणि दाट वस्ती असली की चित्र टिकत नसे. १९९९ मध्ये एका अमेरिकी प्रक्षेपण समूहाने युरोपसारखी अनेक वाहकांची ओएफडीएम पद्धत वापरू द्यावी अशी मागणी नियामकाकडे केली, ती फेटाळली गेली. पुढे ट्यूनरच्या चिपच सुधारल्या आणि अडचण बरीच कमी झाली.

युरोपला लहान देश, सीमेपलीकडचे मनोरे आणि कमी फ्रीक्वेन्सी यांचा मेळ घालायचा होता. ओएफडीएम हजारो बारीक वाहकांवर माहिती पसरते आणि प्रत्येक संकेतानंतर थोडी मोकळी वेळ ठेवते. डीव्हीबी-टीच्या ८के नावाच्या पद्धतीत (चित्राच्या ८के शी हिचा संबंध नाही) ही मोकळीक २२४ मायक्रोसेकंदांपर्यंत ठेवता येते. तेवढ्यात लहर ६७ किलोमीटर जाते, म्हणजे तेवढा जास्त प्रवास करून आलेला तोच सिग्नलही त्रास न देता उपयोगी पडतो. त्यामुळे अनेक मनोरे एकाच फ्रीक्वेन्सीवर चालवता येतात. जपानने याच तत्त्वावर चॅनेलचे १३ तुकडे केले आणि एक तुकडा हातातल्या फोनसाठी राखला. ती वन-सेग सेवा एप्रिल २००६ मध्ये सुरू झाली, भूकंपाचा इशारा देण्याची सोय मानकातच होती. चीनने २००६ मध्ये एक वाहक आणि अनेक वाहक असे दोन्ही मार्ग आपल्या मानकात ठेवले.

तंत्राइतकंच वजन पेटंटच्या रकमांना, कारखान्यांना आणि शेजाऱ्यांशी असलेल्या संबंधांना होतं. तैवान आधी एटीएससीकडे होतं, २००१ मध्ये डीव्हीबी-टीकडे वळलं. अर्जेंटिनाने १९९८ मध्ये एटीएससी निवडलं आणि २००९ मध्ये ब्राझीलमागोमाग आयएसडीबी-टी. प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र मानकाच्या नावापेक्षा प्रक्षेपकाने ते कसं वापरलं हे मोठं. ब्रिटनमध्ये १९९८ ला सुरू झालेली सशुल्क सेवा २००२ मध्ये बुडाली. त्याच मनोऱ्यांवर ऑक्टोबर २००२ मध्ये फ्रीव्ह्यू ही सेवा आली तेव्हा काही वाहिनीसमूहांत (एका फ्रीक्वेन्सीवर एकत्र येणाऱ्या चॅनेलांत) माहिती दाटीने भरणारं ६४-क्यूएएम सोडून विरळ पण पक्कं १६-क्यूएएम घेतलं गेलं. क्षमता २४ वरून १८ मेगाबिटवर आली, चॅनेल घटले, पण साध्या अँटेनावर चित्र टिकू लागलं. शिवाय पाहणं मोफत होतं. लोक बॉक्स घ्यायला लागले ते त्यानंतर. आमच्या मते हा निर्णय कोणत्याही मानकाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा होता.

प्रश्न: मग लोकांनी डिजिटल टीव्ही स्वीकारायला इतकी वर्षं का लावली?

उत्तर: बैठकीतला टीव्ही बदलला तरी स्वयंपाकघरातला आणि झोपायच्या खोलीतला जुनाच राहतो, रेकॉर्डरही जुनाच. सुरुवातीला ‘एचडी’ म्हणून विकलेल्या कित्येक पडद्यांत डिजिटल ट्यूनरच नव्हता. अमेरिकेने तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा केला आणि १ मार्च २००७ पासून ट्यूनर असलेल्या प्रत्येक नव्या टीव्हीला लागू केला. जुन्या टीव्हींसाठी घरटी ४० डॉलरची दोन कूपनं दिली, पण त्यांची मुदत ९० दिवसांची होती आणि २००९ च्या सुरुवातीला निधीची मर्यादा गाठली गेल्याने प्रतीक्षायादी लागली. ॲनालॉग बंद करण्याची तारीख १७ फेब्रुवारीवरून १२ जूनवर गेली. मेक्सिकोने तर गरीब घरांना टीव्हीच वाटले. बर्लिनने २००३ मध्येच बदल पुरा केला, कारण तिथे अँटेनावर अवलंबून घरं थोडी होती. जपानने २४ जुलै २०११ ला ॲनालॉग बंद केलं, पण भूकंपग्रस्त तीन प्रांतांना ३१ मार्च २०१२ पर्यंत मुदत दिली. उलट टोकाला स्वित्झर्लंड: प्रेक्षक केबल आणि इंटरनेटवर गेल्याने २०१९ मध्ये त्यांनी जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपणच थांबवलं.

प्रश्न: नवी पिढी येतेय म्हणतात. आता टीव्ही घ्यावा की थांबावं?

उत्तर: डीव्हीबी-टी२ च्या भागात असाल तर थांबू नका, एचईव्हीसी वाचणारा ट्यूनर मात्र मागून घ्या. टी२ ने केवढा फरक पडतो ते ब्रिटनमध्ये दिसतं: जुन्या पद्धतीत २४ मेगाबिट, टी२ मध्ये २५६-क्यूएएम वापरून ४० च्या वर, तोच ८ मेगाहर्ट्झचा चॅनेल.

एटीएससीची नवी पिढी, एटीएससी ३.०, हिच्याबद्दल सावध राहा. दक्षिण कोरियात ते २०१७ मध्ये सुरू झालं, अमेरिकेत त्याच वर्षी ऐच्छिक परवानगी मिळाली. ते ओएफडीएमवर आहे, त्यामुळे घरातल्या अँटेनावर अधिक पक्कं, पण जुन्या ट्यूनरला अजिबात न कळणारं. अमेरिकेत काही केंद्रांनी प्रक्षेपण कूटबद्ध केलंय आणि काही बाहेरचे ट्यूनर ते उघडू शकत नाहीत. आवाज एसी-४ पद्धतीचा असतो, म्हणून काही जुळण्यांत चित्र येतं आणि आवाज येत नाही. पेटंटच्या वादानंतर एका मोठ्या उत्पादकाने २०२४ च्या अमेरिकी मॉडेलांतून हा ट्यूनर वगळला. म्हणून पडदा पडद्यासाठी निवडा आणि ट्यूनरची गरज पडेल तेव्हा बदलता येणाऱ्या बाहेरच्या बॉक्सवर सोडा.

प्रश्न: छतावरच्या अँटेनाला अर्थिंग लागतंच का?

उत्तर: लागतं. खांब इमारतीच्या मूळ अर्थिंगला जोडा, आणि केबल घरात शिरते तिथे ग्राउंडिंग ब्लॉक बसवून तिची जाळीही त्याच अर्थिंगला जोडा. वेगळा खिळा ठोकून तो सुटा ठेवू नका. विजेच्या वेळी दोन अर्थिंगांमध्ये मोठा व्होल्टेज फरक निर्माण होतो आणि तो टीव्हीतून वाट काढतो. तारेची जाडी स्थानिक विद्युत नियमांप्रमाणे घ्या, वळणं कमी आणि मोठ्या त्रिज्येची ठेवा. केबलला भिंतीत शिरण्याआधी खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. वादळ दिसत असेल तर केबल आणि वीज दोन्ही काढून ठेवा. थेट पडलेल्या विजेपासून अर्थिंगही उपकरण वाचवेलच असं नाही.